लाइव्ह अडकतंय? नवा कम्प्युटर घेण्याआधी प्रोसेसरवरचं ओझं मोजा



मागच्या बॅचमधल्या एका विद्यार्थ्याचा गेल्या आठवड्यात फोन आला. "सर, पंच्याऐंशी हजारांचं कोटेशन आलंय. हप्त्यावर घेऊन टाकू का?" मुलगा मेहनती आहे. घरगुती कार्यक्रमांचं लाइव्ह करतो. मुंज, वास्तुशांत, साखरपुडा, डोहाळजेवण, जे मिळेल ते. लागोपाठ दोन कार्यक्रमांत चित्र अडकलं, एका गिऱ्हाइकाने अर्धे पैसे कापले, आणि कम्प्युटरच्या दुकानात गेल्यावर उत्तर तयारच होतं: "प्रोसेसर जुना झालाय, बदला."

मी आधी हिशेब विचारला. एका कार्यक्रमाचे ४,००० रुपये. पेट्रोल, डेटा, सोबतचा पोरगा वगळून हातात २,२०० राहतात. म्हणजे ८५,००० रुपये फेडायला ३९ कार्यक्रम. व्याज वेगळं, आणि त्या काळात घरी एक रुपया न्यायचा नाही असं धरून! मग म्हटलं, थांब. पैसे कुठेही देऊ नकोस. ओबीएसमधल्या एका खिडकीचा फोटो काढून पाठव मला.

त्या फोटोत काय होतं ते पुढे सांगतो. आधी माझी चूक ऐका, कारण फी मी पण भरलेली आहे.

२०२१चा एप्रिल आठवतोय ना? राज्यात लग्नाला फक्त २५ माणसांची परवानगी होती. माझं तेव्हा फोटो प्रिंट, झेरॉक्स आणि जुन्या कॅसेट डिजिटल करून देण्याचं दुकान. लोक विचारायला लागले, "लग्न घरबसल्या दाखवता येईल का?" मी हो म्हटलं. धंद्यात हो आधी म्हणायची सवय! दोन-तीन लग्नं नीट झाली. चौथ्या लग्नाच्या दिवशी आधीच्या गिऱ्हाइकाचा व्हिडिओ द्यायचा राहिला होता, म्हणून त्याच लॅपटॉपवर मागे ते एन्कोडिंग लावून दिलं आणि पुढे लाइव्ह सुरू केलं. वाटलं, कम्प्युटर आहे, करेल दोन्ही. मंगलाष्टका सुरू झाल्या आणि चित्र थिजलं. आवाज मात्र चालू. नवरीची आजी दुसऱ्या गावी टीव्हीसमोर हातात अक्षता घेऊन बसलेली. शेवटचं सावधान ऐकू आलं, टाळ्या वाजल्या, आणि तिच्या स्क्रीनवर अंतरपाट अजून तसाच धरलेला. मी सगळे पैसे परत केले. पण तो क्षण काही मला परत देता आला नाही.

तेव्हा मी पण इंटरनेटलाच शिव्या घातल्या होत्या. दोष इंटरनेटचा नव्हताच.

एका सेकंदात काय काय होतं

आकडे बघा, मग डोक्यात बसेल. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल. एका चित्रात २० लाखांहून जास्त ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट धरले तर एक चित्र साधारण ६.२ एमबीचं. सेकंदाला अशी ३० चित्रं, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १८६ एमबी. हा सगळा माल तुम्हाला मोबाइलच्या डोंगलमधून साडेचार मेगाबिटमध्ये, म्हणजे सेकंदाला जेमतेम अर्धा एमबीत पाठवायचाय. तीनशे पटींहून जास्त दाबायचं! हे दाबण्याचं काम म्हणजे एन्कोडिंग. मागच्या चित्रातलं काय तसंच आहे, काय सरकलंय, कुठे बारकावा ठेवायचा, कुठे सोडायचा, हे दर चित्राला शोधत बसायचं. प्रोसेसरचा घाम इथे निघतो.

आणि त्याला वेळ किती मिळतो? सेकंदाला ३० चित्रं म्हणजे एका चित्राला ३३ मिलिसेकंद. ६० चित्रं ठेवलीत तर १७सुद्धा नाहीत. पुढचं चित्र दारात उभंच असतं. वेळेत काम झालं नाही की ओबीएस ते चित्र सोडून देतं, आणि बघणाऱ्याला झटका दिसतो.

आता कॅसेटचं काम घ्या. तिथे हे घड्याळच नाही. एका तासाच्या व्हिडिओला तीन तास लागले तरी फाइल तेवढीच चांगली बनते. म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या: टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्के दिसणं हा काही आजार नाही. रात्री कॅसेटची फाइल बनत असताना १०० टक्के दिसतंय म्हणजे मशीन पूर्ण पगार वसूल करून देतंय. लाइव्हच्या वेळी ९५ टक्के दिसतंय म्हणजे पुढच्या पाच मिनिटांत इज्जत जाणार आहे. आकडा जवळपास तोच, पण अर्थ एकदम उलटा. माझी चूक एवढीच होती की घड्याळाचं काम आणि बिनघड्याळाचं काम मी एकाच मशीनवर एकाच वेळी लावलं.

तो फोटो

ओबीएसमध्ये वर व्ह्यू मेनूत स्टॅट्स नावाची खिडकी आहे. बहुतेक जण ती कधी उघडतच नाहीत. तिच्यात तीन ओळी शोधा.

पहिली, रेंडरिंग लॅगमुळे चुकलेल्या फ्रेम. हा आकडा वाढत असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे. चित्रं जोडणं, मथळे लावणं, आकार बदलणं हे काम ग्राफिक्स करतं. दुसरी, एन्कोडिंग लॅगमुळे सोडलेल्या फ्रेम. हा वाढत असेल तर एन्कोडर मागे पडतोय. तिसरी, नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम. ही वाढली तर मशीन बिचारं ठीक आहे, तुमचं अपलोड कमी पडतंय. तिथे बिटरेट कमी करा, सिम बदला, जागा बदला. नव्या प्रोसेसरने त्यात काडीचा फरक पडणार नाही.

तीन वेगळे आजार, तीन वेगळी औषधं. गिऱ्हाइकाला मात्र तिन्ही वेळा एकच दिसतं: "अडकतंय."

आणखी एक गंमत. त्या खिडकीत सीपीयूचा जो टक्का दिसतो तो फक्त ओबीएसचा असतो. पूर्ण मशीनवर किती ओझं आहे ते टास्क मॅनेजरमध्येच बघायचं. ओबीएस २५ टक्के दाखवतंय म्हणून निवांत बसलेले आणि मागे ब्राउझरच्या तीस टॅब, व्हॉट्सॲप, अँटिव्हायरसची तपासणी आणि फोटोंचा बॅकअप चालू, असे महाभाग मी बघितलेत. त्यात मी पण आलो.

तर आपल्या मुलाच्या फोटोत नेटवर्कचा आकडा शून्य. रेंडरिंगचा जवळजवळ शून्य. एन्कोडिंग लॅग मात्र १८ टक्के. रोग सापडला. मग सेटिंग मागवल्या.

फुल एचडी, ६० एफपीएस, एन्कोडर एक्स२६४, प्रीसेट मीडियम. कुठल्यातरी गेमिंगच्या व्हिडिओत बघून ठेवलेलं. म्हटलं अरे, सत्यनारायणाच्या पूजेला ६० एफपीएस कशाला? भटजी काय उडी मारणार आहेत?

ओझं उतरवायचा क्रम

आधी मागचं सगळं बंद. लाइव्हच्या लॅपटॉपवर त्या दिवशी दुसरं काहीच नाही, आपोआप होणारे अपडेट सुद्धा आदल्या रात्री करून घ्यायचे.

मग ६० एफपीएसचं ३० करा. काम एका झटक्यात अर्धं होतं. त्यानंतर आउटपुट १०८०पीचं ७२०पी करा. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात, साधारण ४४ टक्केच उरतात. नातेवाईक बघणार मोबाइलवर. काकांच्या सहा इंची स्क्रीनवर १०८० आणि ७२० मधला फरक काकांना तर नाहीच, तुम्हालाही सांगता येणार नाही. अडकलेलं फुल एचडी आणि सलग चालणारं ७२०पी यात गिऱ्हाईक दरवेळी सलग चालणारंच निवडतं. ७२०पीला ३० एफपीएसवर मी अडीच ते तीन हजार केबीपीएस बिटरेट ठेवतो, कीफ्रेम २ सेकंदांवर.

आता प्रीसेट. एक्स२६४मध्ये अल्ट्राफास्टपासून व्हेरीस्लोपर्यंत पायऱ्या असतात. गिरणीतलं दळण डोळ्यासमोर आणा. जितकं बारीक दळायचं तितका वेळ जास्त. मीडियम, स्लो हे बारीक दळण. तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र थोडं छान येतं, पण गिरणीवर रांग लागते. लाइव्हला व्हेरीफास्ट पुरतं. ओबीएस स्वतःही तेच देऊन ठेवतं. तरी अडलं तर सुपरफास्ट. मीडियम, स्लो कॅसेटच्या कामाला राखून ठेवा, तिथे रांगेत कोणी नाही.

आणि खरा मोठा उपाय पुढे आहे. तुमच्या मशीनमध्ये बहुधा एन्कोडिंगसाठी वेगळी छोटी गिरणी आधीच बसवलेली आहे आणि तुम्ही ती सुरूच केलेली नाही! इंटेलच्या ज्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं, त्यात २०११पासून क्विकसिंक नावाचा भाग येतो. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांत एनव्हीईएनसी असतो. एएमडीचाही स्वतःचा आहे. हे सर्किट फक्त व्हिडिओ दाबण्यासाठीच बनवलेलं. ओबीएसच्या आउटपुट सेटिंगमध्ये एन्कोडरच्या जागी सॉफ्टवेअर एक्स२६४ ऐवजी हार्डवेअरवाला पर्याय दिसत असेल तर तो निवडा. प्रोसेसरचा आकडा धाडकन खाली येईल. जुन्या मशीनमधल्या हार्डवेअर एन्कोडरचं चित्र त्याच बिटरेटला जरा खरखरीत वाटतं, हे खरं. मग बिटरेट पाचशेने वाढवा. पूजा, मुंज, साखरपुडा यात माणसं बसलेली असतात, बॅकग्राउंड स्थिर असतं. फरक शोधूनही सापडत नाही.

यावरून खरेदीचं एक सांगतो, कारण इथे लोक फसतात. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असलेले प्रोसेसर, जसा आय५-१२४००एफ, थोडे स्वस्त मिळतात. त्यात आतलं ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विकसिंक पण नाही. आणि सोबत जीटी १०३० सारखं स्वस्त कार्ड टाकून दिलं, तर त्यात पण एन्कोडर नाही. आरएक्स ६४०० मध्येही नाही. म्हणजे नवं कोरं मशीन, आणि लाइव्हसाठी सगळा भार परत प्रोसेसरच्याच डोक्यावर. कोटेशन हातात आलं की "यात हार्डवेअर एन्कोडर कोणता आहे?" एवढं विचारा. समोरचा गप्प झाला तर तुम्हीही पाकीट खिशात ठेवा.

काही छोटे चोर पण आहेत. लाइव्हसोबत रेकॉर्डिंग करताना रेकॉर्डिंगला वेगळा एन्कोडर निवडला असेल तर तोच व्हिडिओ दोनदा दाबला जातो. तिथे 'स्ट्रीमचाच एन्कोडर वापरा' हा पर्याय ठेवा, काम एकदाच होतं आणि फाइल फुकटात मिळते. एमकेव्हीमध्ये ठेवा, मध्येच लाइट गेली तरी तोपर्यंतचं रेकॉर्डिंग वाचतं. दुसरा चोर म्हणजे स्वस्त यूएसबी २.० चं एचडीएमआय कॅप्चर. त्या वायरीतून कच्चा फुल एचडी माल मावतच नाही, म्हणून ते डबडं चित्र दाबून पाठवतं आणि प्रोसेसरला ते आधी उघडावं लागतं. आउटपुट ७२०पीच द्यायचं असेल तर कॅप्चर पण ७२०पीलाच लावा. आवाजातली घरघर घालवण्याच्या फिल्टरमध्ये दोन पद्धती असतात. आरएनएनॉइज चांगला पण जड, स्पीक्स हलका.

मे महिना आणि मंडप

यावर कोणी बोलत नाही, म्हणून जरा थांबतो. घरी टेस्ट केली, दोन तास मख्खन चाललं. मंडपात चाळीस मिनिटांत अडकायला लागलं. सेटिंग तीच, मशीन तेच. काय बदललं? हवा. पत्र्याचा मंडप, दुपारचे साडेबारा, आणि लॅपटॉप सोफ्याच्या गादीवर. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. माझ्या लॅपटॉपचा एरवी ३च्या पुढे असणारा आकडा त्या दिवशी १.२वर आला होता. म्हणजे गिरणी अर्ध्याहून कमी वेगाने फिरत होती, आणि दळण तेवढंच.

तेव्हापासून माझ्या बॅगेत एक लाकडी पाट असतो आणि एक छोटा टेबलफॅन. लॅपटॉप पाटावर, मागे हवेला जागा, फॅन सोडलेला. वर्षातून एकदा आतला पंखा साफ करून घ्यायचा. आणि चार्जर लावलेलाच हवा, बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग कमी करतात. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर. म्हणूनच टेस्ट नेहमी पूर्ण तासाची करा. यूट्यूबवर अनलिस्टेड लाइव्ह लावा आणि स्टॅट्सकडे बघत बसा. लाइव्हच्या वेळी टास्क मॅनेजरमधला एकूण आकडा मी ७०च्या वर जाऊ देत नाही, उरलेले ३० अचानक येणाऱ्या पाहुण्यांसाठी. (नवं चॅनेल असेल तर लाइव्ह पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. कार्यक्रमाच्या सकाळी हे कळून रडू आलेला माणूस मला माहीत आहे.)

कॅसेटवाल्यांसाठी

जुन्या व्हीएचएस आणि मिनीडीव्हीचं काम करणाऱ्यांनो, तुमचं गणित वेगळं. तीन तासांची कॅसेट तीन तासच वाजणार, तिथे कोणताही प्रोसेसर काही करू शकत नाही. ते उतरवून घेतानाही घड्याळ असतंच, तेव्हा त्या मशीनवर दुसरं काही चालवू नका. फाइल बनवणं मात्र रात्री. हँडब्रेकमध्ये दिवसभराचं काम रांगेत लावा, काम झाल्यावर मशीन बंद करायची सोय त्यातच आहे, शटर ओढा आणि घरी जा.

इथे उगाच ओझं वाढवायची सवय बघा. आपल्याकडच्या कॅसेटचं चित्र उतरतं ७२० गुणिले ५७६ मध्ये. "एचडी करून देतो" म्हणून १०८०पीला ताणलं तर पाचपट पिक्सेल, तेवढाच जास्त वेळ, आणि नवा बारकावा शून्य. त्यापेक्षा हात हलला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात त्या डीइंटरलेस करून काढा. तो वेळ सत्कारणी लागतो. क्वालिटीचा आकडा अशा मालाला १८ ते २२ मध्ये ठेवा.

फक्त पुढचं-मागचं कापायचं असेल तर परत एन्कोड करूच नका. लॉसलेसकट सारखं फुकट सॉफ्टवेअर फाइल तशीच कापून देतं, मिनिटभरात. प्रोसेसरला कळत पण नाही, आणि दर्जाही घसरत नाही. कट अगदी हव्या त्या फ्रेमवर बसेलच असं नाही, एवढंच.

आणि फाइल द्यायची ती एमपी४, एच.२६४, आवाज एएसीमध्ये. एच.२६५ने जागा वाचते, पण जुने टीव्ही ती फाइल उघडत नाहीत. एका गिऱ्हाइकाने घरातल्या जुन्या कम्प्युटरवर जेलीफिन टाकून घरच्या सगळ्या कॅसेट तीन टीव्हींवर बघायची सोय केली होती. कोणी व्हिडिओ लावला की कम्प्युटरचा पंखा विमानासारखा. कारण टीव्हीला फाइल कळत नव्हती, म्हणून दर वेळी, दर टीव्हीसाठी कम्प्युटर ती चालता चालता बदलून देत होता. मी दोन रात्री लावून सगळ्या फाइल एकदाच एच.२६४ केल्या. आता टीव्ही त्या थेट वाजवतात, कम्प्युटर नुसता वाढप्याचं काम करतो. त्या कामाचे मी वेगळे पैसे घेतले, आणि तुम्ही पण घ्या.

दर ठरवताना दोन मिनिटांचा तुकडा एन्कोड करून बघा. २५ एफपीएसची कॅसेट असेल आणि हँडब्रेक ७५चा वेग दाखवत असेल, तर तीन तासांच्या कॅसेटला एक तास. रात्रीत किती बसतील, किती दिवसांनी माल देता येईल, हे तिथेच कळतं. "उद्या देतो" म्हणायच्या आधी हा भागाकार करा.

हां, आपला मुलगा. ७२०पी, ३० एफपीएस, क्विकसिंक, रेकॉर्डिंगला तोच एन्कोडर. लॅपटॉप आठव्या पिढीचा आय५, तोच. रविवारी बारशाचं लाइव्ह केलं, दोन तास दहा मिनिटं. संध्याकाळी परत त्याच खिडकीचा फोटो पाठवला. एन्कोडिंग लॅग ०.१ टक्का. खर्च झाला ६५० रुपये, त्यात पंख्याची सफाई आणि नवी पेस्ट. त्या कोटेशनचं काय केलं विचारलं, तर म्हणाला, "मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या महिन्याच्या बुकिंग लिहितोय."